प्रसूतिवेदना आणि तळपायाचा नकाशा

तळपायावरील ठराविक जागा अंगठ्याने दाबून शरीराच्या दूरच्या भागांवर परिणाम घडवू पाहणारी विद्या ती रिफ्लेक्सॉलॉजी. प्रसूतीच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून वैद्यकीय उपचारांच्या जोडीस ती आज वापरली जाते. तिचे पुरस्कर्ते तिचा उगम थेट प्राचीन इजिप्तपर्यंत नेतात आणि सक्कारा येथील अंखमाहोराच्या थडग्यातील शिल्पचित्राकडे बोट दाखवितात. त्यात काही माणसे इतरांचे हातपाय हाताळीत आहेत, एवढे खरे. पण तेथे बाळंतीण नाही, तळव्याचा नकाशाही नाही. हा नुसता नखांच्या निगेचा देखावा असावा, असेही अभ्यासक म्हणतात. पुरातनत्वाचा हा सोस आम्हां भारतीयांस तरी नवा नाही!

लेखी इतिहास पुष्कळच अलीकडचा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेल्या विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ साली एडविन बॉवर्स यांच्यासह ‘झोन थेरपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वेदनारहित प्रसूतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. काळ ध्यानात घ्यावयास हवा. १९१४ पासून अमेरिकन स्त्रिया जर्मनीतील फ्रायबुर्गच्या ‘ट्वायलाइट स्लीप’साठी चळवळ करीत होत्या. मॉर्फिन व स्कोपोलामिन टोचून आणलेल्या त्या गुंगीत वेदना नाहीशी होत नसे. तिची आठवण तेवढी पुसली जाई. अशा वेळी गुंगीवाचून सुटकेचे आश्वासन किती मोलाचे वाटले असेल! प्रकरणात एका डॉक्टरचा अनुभव दिला आहे. कळा सुरू झाल्या तेव्हा घरात दुसरे काही सापडेना, म्हणून त्याने मोठ्या कानशीची कड बाईच्या तळव्यांवर दाबली. हातांत घट्ट धरावयास फण्याही सुचविल्या आहेत. आम्हांस ही फणीच अधिक बोलकी वाटते, कारण हा उपाय बाईच्या स्वतःच्या मुठीत होता.

पुढे युनिस इंगहॅम यांनी या पट्ट्यांवरून पायांचा सविस्तर नकाशा सिद्ध केला. त्यांचे ‘स्टोरीज द फीट कॅन टेल’ १९३८ साली निघाले. उपाय आता दुसऱ्याच्या अंगठ्यात गेला, आणि पायाशी कोणी बसणे ओघानेच आले.

तळव्याची अमुक जागा गर्भाशयाशी जोडलेली आहे, हे शरीरशास्त्राने सिद्ध झालेले नाही. चाचण्या मात्र झाल्या आहेत. इराणमधील एका चाचणीचा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. तीत पहिलटकरणींचे तीन गट होते: एकीचे पाय दाबले, दुसरीस नुसती धीराची सोबत दिली, तिसरीस नित्याची शुश्रूषा. पाय दाबलेल्या गटात वेदना कमी नोंदल्या गेल्या. सोबतीचा निराळा गट ठेवण्यातच संशोधकांची जाण दिसते. तरीही अडचण उरते ती ही, की आपले पाय दाबले जात आहेत हे कळा देणाऱ्या बाईपासून लपविता येत नाही, आणि वेदनेचे माप तर तिच्याच तोंडून घ्यावयाचे असते.