न्योर्डलिंगेनचा दगड

जर्मनीत बव्हेरियाच्या पश्चिम सीमेजवळ न्योर्डलिंगेन नावाचे सुमारे २० हजार वस्तीचे नगर आहे. त्याचा कोट अद्याप अखंड असून त्यावरून नगराला पुरी प्रदक्षिणा घालता येते. १६३४ मध्ये येथे स्वीडिश सैन्याचा मोठा पराभव झाला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांतून हे नाव भेटते. पण लढायांची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. आपण आज या नगराखालची जमीन पाहू.

चुनखडीच्या दोन पठारांमध्ये सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे एक वाटोळे, सपाट खोरे आहे. त्याचे नाव रीस. भोवतालची पठारे खडकाळ, खोऱ्यात मात्र धान्य भरघोस. त्या धान्यावर आणि व्यापारावर नगर पोसले. येथील जत्रेचा उल्लेख १२१९ पासून सापडतो. १४२७ मध्ये नगरजनांनी सेंट जॉर्जचे चर्च बांधावयास घेतले. त्याच्या ९० मीटर उंच मनोऱ्याला त्यांनी याच भागातला करडा दगड वापरला. त्या दगडात काचेचे कण दिसत. तेवढ्यावरून पुढे विद्वानांनी तो ज्वालामुखीचा ठरविला. ज्वालामुखीचे मुख काही सापडेना, तरी मत ढळले नाही! १९३६ मध्ये ओटो श्टुट्सर याने उल्कापाताची कल्पना मांडली, पण ती फारशी कोणी मनावर घेतली नाही.

१९६० मध्ये यूजीन शूमेकर हे अमेरिकन भूशास्त्रज्ञ येथे आले. त्यांनी नेलेल्या नमुन्यांत एडवर्ड चाओ यांना कोएसाइट हे खनिज आढळले. वाळूतल्याच सिलिकेवर प्रचंड दाब पडला म्हणजे ते बनते, आणि भूपृष्ठावरच्या ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. वाद तेथे मिटला. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आकाशातून आलेल्या प्रचंड पाषाणाने हे खोरे खणले होते. पुढे त्यात सरोवर साचले आणि तेही गाळाने भरून गेले. आजच्या सपाट शेतांखाली तो गाळ आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारलाही पुष्कळ काळ ज्वालामुखीच म्हणत. तेथील उल्कापाताचा पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते विवर जेमतेम १.८ किलोमीटरचे, पण बेसाल्टमध्ये कोरलेले, म्हणून चंद्राच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते. रीसमध्ये तर १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर खडक ओळखण्याच्या शिक्षणासाठी येऊन गेले.

चर्चच्या त्या करड्या दगडात हिरेही आहेत. ते इतके सूक्ष्म की, गवंड्याच्या छिन्नीखालून निसटले तरी कोणाला कळण्याजोगे नव्हते.