स्टोव्हचा भडका : दोष कोणाचा?

‘स्टोव्हचा भडका उडून बाई भाजली’ हे वाक्य आपल्या आजीआयांच्या पिढ्यांनी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा वाचले की, त्यात कर्ताच नाही हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. पाऊस पडला, दरड कोसळली, तसा स्टोव्ह भडकला! वस्तुतः स्टोव्ह कोणीतरी कारखान्यात घडवतो आणि कोणीतरी दुकानात विकतो. तरीही भाजलेल्या बाईचा प्रश्न त्या दोघांपर्यंत सहसा पोचत नसे. तो का पोचत नसे, हे पाहण्याजोगे आहे.

दाबाचा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली तो तयार केला आणि ‘प्रायमस’ हे नाव जगभर गेले. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बायकांना तो वरदानच वाटला, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. पितळी टाकीत रॉकेल, पंपाने भरलेली हवा, काकड्याने तापवलेला बर्नर. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि बारीक छिद्रातून सुटून निळी जळते. पण वॉशर कुजला, डाखाचा सांधा उकलला किंवा नळी पुरेशी तापण्याआधीच जोराने पंप मारला, की वाफेऐवजी रॉकेलच उसळते. सुती नऊवारी, बैठा स्वयंपाक आणि अडीच हातांची स्वयंपाकघरे. पुढचे सांगावयास नको.

आता कायद्याकडे वळू. १९३० च्या मालविक्री कायद्याची नजर खरेदीदारावर होती. करार दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात. आणि बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत स्टोव्ह घेताना पैसे मोजणारा बहुधा नवरा असे. जळणारी मात्र बायको. तिचा ना दुकानदाराशी करार, ना कारखानदाराशी. हीच अडचण इंग्लंडातही होती. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी मे डोनोह्यू नावाच्या बाईने मैत्रिणीने घेऊन दिलेले पेय घेतले. बाटलीत गोगलगाय निघाल्याची तिची तक्रार होती. १९३२ साली लॉर्ड सभेने ठरवले की, शेवटी वस्तू वापरणाराशी करार नसला तरी त्याच्याबाबत काळजी घेणे हे कारखानदाराचे कर्तव्य आहे. तत्त्व उत्तम, पण ते मिळवण्यासाठी आपल्याकडे दिवाणी दावा लावावयाचा, कोर्ट फी भरावयाची, निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा, तोही ससूनच्या खाटेवरून!

त्यात आणखी एक काळी बाजू होती. हुंड्यासाठी सुनेला जाळून ‘स्टोव्ह भडकला’ म्हणावयाचे, हा कांगावा सर्रास झाला. १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन विवाहापासून सात वर्षांच्या आत मृत्यू पावलेल्या स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूची चौकशी कडक झाली, आणि १९८६ साली हुंडाबळीचा स्वतंत्र गुन्हा आला. हे आवश्यकच होते. पण आता स्टोव्ह तपासला जाऊ लागला तो सासरच्यांचे खोटे उघडे पाडण्यासाठी. टाकी शाबूत असली, तर बचाव कोसळे. टाकी खरोखरच फुटली असली, तर ‘अपघात’ म्हणून कागद बंद होत. टाकी का फुटली, हे विचारणारा कोणीच नव्हता.

तो प्रश्न विचारणारी चळवळ पुण्यातच उभी राहिली. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी येथे ग्राहक पंचायत स्थापन केली. बिंदुमाधवांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने भाव, वजन आणि भेसळ होती. तरी पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक छोटासा शब्दसमूह आला, त्याचे मोल मला फार वाटते: खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. पावती नवऱ्याच्या नावे असो, तक्रार बायको करू शकते! वकील नसला तरी चालते, आणि दोष चाचणीशिवाय कळण्याजोगा नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवता येते.

२०१९ च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून अमलात आला, ‘उत्पादन दायित्व’ असे स्वतंत्र प्रकरणच घातले. घडणीतला दोष, रचनेतला दोष, अपुऱ्या सूचना, यांबद्दल निर्माता जबाबदार. काही प्रसंगी विक्रेताही. त्याच काळात स्टोव्हची जागा गॅस आणि कुकरने घेतली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉनला, सक्तीच्या मानकांत न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर आपल्या संकेतस्थळावरून विकू दिल्याबद्दल, ते परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्याचा आणि एक लाख रुपये दंडाचा आदेश दिला. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कोणी भाजण्यापूर्वीच जाब विचारला गेला, हे यातील नवे.

अर्थात कारखानदारालाही बचाव आहेत. वस्तूत फेरफार केला होता, चुकीच्या रीतीने वापरली, असे तो म्हणू शकतो. आणि आपल्या घरांत कुकरचे गॅस्केट, शिटी, झडप कोणत्या फेरीवाल्याकडून घेतली याची आठवण कोणाला असते? शिवाय स्फोट झालेला कुकर अपशकुनी समजून दुसऱ्या दिवशीच मोडीत घातला जातो. जखम बरी होईस्तोवर आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत आठवेपर्यंत तो रद्दीवाल्याकडे वितळून गेलेला असतो.