दगडाबाई शेळके : सिंहासन नसलेली बंडखोर

बंडाचे नेतृत्व करणारी स्त्री म्हटले की घोडा, तलवार आणि सिंहासन असे चित्र आपल्यासमोर उभे राहते. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यापाशी यांपैकी घोडा तेवढा होता. तलवारीच्या जागी पिस्तूल व हातबॉम्ब होते. सिंहासनाचा प्रश्नच नव्हता. त्या खेड्यातील एका घरच्या सून होत्या. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने संस्थानभर ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. स्वामी रामानंद तीर्थ यांना लवकरच अटक झाली. नोव्हेंबरात निजामाने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. खेड्यांतून मात्र काहीच जैसे थे राहिले नव्हते. कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत गावोगाव वाढत होती. कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे, भारताच्या हद्दीत, शिबिरे उभारली. औरंगाबादकडील हालचालींसाठी मनमाड हे मोठे केंद्र होते.

या सशस्त्र लढ्यात दगडाबाई उतरल्या. निरोप पोहोचविणे, शस्त्रे लपवून नेणे ही कामे त्या काळी अनेक स्त्रियांनी केली आणि ती कमी जोखमीची मुळीच नव्हती. दगडाबाई त्याही पुढे गेल्या. त्या घोड्यावर बसत, पिस्तूल चालवीत, बॉम्ब टाकीत. यासाठी त्यांनी संसार मागे ठेवला. १९४८ सालच्या खेड्यात बाईने उंबरठा ओलांडून रानावनात पुरुषांच्या तुकडीबरोबर राहणे म्हणजे काय, हे सांगायला नको. रझाकारांच्या गोळीइतकीच धार गावाच्या जिभेला असते.

लोकांनी त्यांना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हटले. गौरव मोठाच, पण मला ही पदवी थोडी अडचणीची वाटते. लक्ष्मीबाईंपाशी किल्ला होता, फौज होती, दत्तकपुत्राच्या हक्काचा दावा होता. दगडाबाईंना कोणतीही गादी परत मिळवायची नव्हती. राणीच्या उपमेत नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

त्यांची जवळची नातलग शोधायची तर ती झाशीपेक्षा प्राचीन चीनमध्ये सापडेल. इ. स. १४ मध्ये शांतुंग भागातील एका अधिकाऱ्याने ल्यू घराण्यातील एका तरुणाला किरकोळ अपराधासाठी ठार केले. त्याच्या आईने मद्याचा व्यवसाय चालविला, गरीब तरुणांना उधारीवर मद्य व कपडे दिले, गुपचूप शस्त्रे जमविली आणि इ. स. १७ मध्ये स्वतःला सेनापती घोषित करून त्या अधिकाऱ्याचे ठाणे जिंकले. त्याचे मस्तक तिने मुलाच्या थडग्यापुढे ठेवले. इतिहासकारांनी हे सारे नोंदविले; तिचे नाव तेवढे नोंदविले नाही. ती आजही ‘ल्यूची आई’ आहे.

पुढे १४२० मध्ये त्याच शांतुंगमध्ये थांग साइ-अर हिने मिंग सम्राटाविरुद्ध बंड केले. बंड मोडले, पण ती हाती लागली नाही. तेव्हा ती भिक्षुणीच्या वेशात असेल या संशयाने सम्राटाने हजारो भिक्षुणी पकडून आणविल्या. एका विधवेची ही धास्ती!

‘दगडाबाई’ या नावाचेही असेच. मुले जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत होती. राजघराण्याच्या वंशावळीत शोभणारे हे नाव नव्हे. म्हणूनच ते उपमेविना, जसेच्या तसे उच्चारावे असे वाटते. भूम तालुक्यातील ईटच्या गोदावरीबाई टेके यांचेही. त्यांनी तर या लढ्यात प्राण दिले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. ज्यांना पुढे शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एक सूचना : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत धोपटेश्वर औरंगाबाद जिल्ह्यात शोधावे.