वगातला राजा आणि सोंगाड्याचा सवाल

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावांना वीरांचा भूतकाळ ग्रंथांपेक्षा पोवाड्यातून आणि वगातून अधिक भेटला. डफ-तुणतुण्याच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या पराक्रमाच्या कथाकाव्याला पोवाडा म्हणतात आणि त्याची परंपरा १६५९ च्या अफजलखानवधावरील अज्ञानदासाच्या रचनेपर्यंत मागे जाते. गण, गवळण आणि बतावणीनंतर रंगणारे तमाशातील कथानाट्य म्हणजे वग, आणि १८६५ चा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो.

दौंड तालुक्यातील चौफुला संगीतबारीसाठी, म्हणजे बैठकीतल्या लावणीसाठी, ओळखला जातो; वग मात्र यात्रेत ढोलकीफडावर रंगतो, आणि अशा फडांसाठी वग लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर हे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे. जुने वग लिहून न ठेवता हजरजबाबीपणावर उभे राहत, त्यामुळे कथेचा सांगाडा तोच असला तरी संवाद रोज नवे होत. राजा दरबारात येऊन प्रधानाला राज्याची खबर विचारतो, तेवढ्यात शिपायाच्या वेषातला सोंगाड्या मध्येच तोंड घालून दुष्काळाचा, सावकाराचा, सारावसुलीचा विषय काढतो आणि पुराणकाळातल्या सिंहासनासमोर आजचे गाव उभे राहते.

मध्ययुगीन वेल्समधील कथाकारही दंतकथेतल्या वीरांचा आधार घेत. परंतु ११६० मध्ये निधन पावलेल्या मादोग राजाच्या काळात घडणाऱ्या ‘ऱ्होनाब्वीचे स्वप्न’ या कथेत पूर्वजांचा राजा आर्थर नंतरच्या माणसांचे खुजेपण पाहून खंतावतो. तेथे भूतकाळ वर्तमानाला जोखतो, तर वगात वर्तमान सोंगाड्याच्या तोंडून भूतकाळाला जाब विचारतो.

वगाचे हे सामर्थ्य कलावंतांच्या सामाजिक स्थानातून आले. फडातील बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा गावकुसाबाहेर ठेवलेल्या किंवा भटक्या जातींतले होते. ज्याला एरवी चावडीवर बसण्याचा मान नव्हता, तोच यात्रेच्या रात्री राजा होऊन गावासमोर बसत असे, आणि त्याच्याच फडातला सोंगाड्या त्या राजाला सवाल करत असे. म्हणून वगाला केवळ करमणूक मानणे अन्यायाचे आहे. नंतरच्या वगांच्या हस्तलिखित वह्या आणि वृद्ध कलावंतांच्या आठवणी या भागाच्या इतिहासाची साधने आहेत, आणि ती हाती आहेत तोवरच गावोगावच्या वाचनालयांनी व महाविद्यालयांनी जतन केली पाहिजेत.