हातात काय आहे ते आधी पाहा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीसाठी आम्ही वणीला गेलो होतो. विषय होता 'आकाशातली वीज'. बाहेर निर्गुडेच्या बाजूने आभाळ भरून आले होते आणि अधूनमधून गडगडाट ऐकू येत होता. एका शिक्षिकेने प्रश्न विचारला, "सर, वीज म्हणजे काय असं विचारलं तर काही मुलं विद्युतप्रभार सांगतात, काही इंद्राचं वज्र सांगतात आणि यंदा तर एकानं थॉरचा हातोडा सांगितला. यातलं काय खोडायचं?"

सगळे हसले. प्रभाराबद्दल आम्ही बरेच बोललो. मूळ प्रश्नाला मात्र आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. वज्र काय किंवा हातोडा काय, मुलांच्या मनात ते चित्रांतून आलेले असते. मग ही चित्रे आली कुठून? पुढे जमेल तसा आम्ही त्याचा शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

थॉरचा चेहरा

थॉर हा स्कँडिनेव्हियातील लोकांचा मेघगर्जनेचा देव. त्याच्या नावाचा अर्थच 'गडगडाट' असा आहे. संस्कृतात ढगाला 'स्तनयित्नु' म्हणजे गर्जणारा म्हणतात. तो शब्द आणि थॉरचे नाव एकाच प्राचीन धातूपासून निघाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जुन्या कथांमध्ये थॉर लाल दाढीचा आहे, त्याचा रथ बोकड ओढतात आणि तो महासर्पाशी लढतो. आपल्याकडे ऋग्वेदातला इंद्रही वृत्राला मारतो आणि त्या वृत्राला 'अहि' म्हणजे सर्प म्हटले आहे.

थॉरची भक्ती चालू होती त्या काळातली त्याची माणसाच्या रूपातली चित्रे फार थोडी सापडतात. स्वीडनमधील आल्टुना येथे अकराव्या शतकातला एक कोरीव दगड आहे. त्यावर होडीतला एक माणूस गळ टाकून बसला आहे आणि त्याचा पाय होडीच्या तळातून आरपार गेला आहे. थॉरने महासर्पाला गळाला लावले तेव्हा जोर लावताना त्याचा पाय होडीच्या तळातून गेला, अशी कथा आहे. म्हणून हा थॉर, असे आपण बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. आइसलँडमध्ये सापडलेली साधारण इ.स. १००० मधली, बोटाएवढी कांस्यमूर्ती मात्र थॉरची की आणखी कोणाची, यावर अजून वाद आहे.

थॉरच्या नावाची छोटी पदके मात्र शेकड्यांनी सापडली आहेत. ती हातोड्याचीच आहेत का, याबद्दल काही अभ्यासकांना शंका होती. २०१४ साली डेन्मार्कच्या लोलँड बेटावर दहाव्या शतकातले एक पदक मिळाल्याचे जाहीर झाले. त्यावर रून लिपीत 'हा हातोडा आहे' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती. डेन्मार्कमध्येच त्या काळातला एक दगडी साचा मिळाला आहे. त्यात क्रूस आणि हातोडा दोन्ही ओतता येत असत. नवा धर्म येत होता आणि जुना गेला नव्हता. कारागीर दोन्ही गिऱ्हाइकांना माल देत होता.

मुलांना ठाऊक असलेला थॉर यातला नाही. १८७२ मध्ये मार्टेन एस्किल विंगे या स्वीडिश चित्रकाराने राक्षसांशी लढणाऱ्या, सोनेरी केसांच्या थॉरचे भव्य तैलचित्र काढले. १९६२ मध्ये अमेरिकन चित्रकथेत तो आला तेव्हा त्याची दाढी गेली आणि डोक्यावर पंखांचे शिरस्त्राण आले. आज मुले पाहतात तो या चित्रकथेवरून पुढे चित्रपटांत आलेला थॉर.

आपल्याकडचा इंद्र

थॉरच्या बाबतीत असे होते, तर इंद्राच्या बाबतीत काय? ऋग्वेदातल्या इंद्राच्या रथाला दोन पिंगट घोडे आहेत. शिल्पात मात्र तो बहुधा हत्तीवर दिसतो. महाराष्ट्रातले या विषयातले सर्वांत जुने म्हणून दाखवले जाणारे शिल्प भाजे येथील एका विहाराच्या ओसरीत आहे. ते इसवी सनापूर्वीचे आहे. प्रचंड हत्तीवर एक पुरुष बसला आहे, मागे ध्वज धरलेला सेवक आहे आणि हत्तीने सोंडेने झाड उपटले आहे. पुस्तकांत याला 'ऐरावतावरील इंद्र' म्हणतात. पण नीट पाहावे, तर त्या पुरुषाच्या हातात वज्र नाही. म्हणून काही अभ्यासकांनी हा इंद्र नसून कथेतला एखादा चक्रवर्ती राजा असावा, असे सुचवले आहे. आजही या शिल्पाला इंद्र म्हणायचे ते सवयीने, पुराव्याने नव्हे.

याउलट मध्य भारतातील भारहुतच्या स्तूपाचे शिल्पकार सावध होते. इंद्र बुद्धाला भेटायला गुहेत आला, हा प्रसंग त्यांनी इसवी सनापूर्वीच कोरला आणि शेजारी ब्राह्मी लिपीत त्या गुहेचे नाव लिहून ठेवले. म्हणून तिथे वादच राहत नाही. लोलँडच्या पदकावरील अक्षरे आणि भारहुतची ही अक्षरे एकच काम करतात.

वणीच्या शिक्षकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण अजिंठ्याचे आहे. सतराव्या लेण्याच्या ओसरीत ढगांमधून अप्सरांसह उडत येणारा गोऱ्या वर्णाचा, रत्नजडित मुकुटाचा देव रंगवला आहे. त्याला इंद्र मानतात. हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. त्या वेळी वाकाटक राजा हरिषेण याचे राज्य होते आणि त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे यवतमाळला लागून असलेल्या जिल्ह्यातले वाशीम. त्या चित्रात इंद्र युद्धाला निघालेला नाही. तो बुद्धाच्या दर्शनाला निघालेला आहे. वेदांतला योद्धा या भिंतीवर भक्त झाला आहे.

पुढे वेरुळला त्याची आणखी उतरण दिसते. कैलास लेण्यात कृष्ण गोवर्धन उचलताना कोरला आहे. तो पाऊस पाडणारा इंद्र आहे, पण त्या कथेत तो हरलेला पक्ष आहे. याच काळाच्या आसपास बऱ्याच देवळांच्या बाहेरच्या भिंतीवर तो अष्टदिक्पालांपैकी एक म्हणून पूर्व दिशेला उभा राहतो. एके काळचा देवांचा राजा आता एका दिशेचा रखवालदार झाला.

एक चुकलेले नाव

वेरुळचेच बत्तिसावे लेणे 'इंद्रसभा' म्हणून ओळखले जाते. हे नवव्या शतकाच्या सुमाराचे जैन लेणे आहे. त्यात झाडाखाली हत्तीवर बसलेला एक भव्य पुरुष आहे आणि त्याच्या जोडीला आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली देवी. हत्ती दिसला म्हणून लोकांनी त्याला इंद्र म्हटले आणि देवीला इंद्राणी. पण सिंह, आम्रवृक्ष आणि मूल ही खूण जैन परंपरेतल्या अंबिकेची आहे, आणि तिचा जोडीदार हत्तीवरचा यक्ष. तो इंद्र नव्हे. अभ्यासकांनी ही चूक दुरुस्त केली, तरी लेण्याचे नाव तेच राहिले.

येथे आम्हाला आमच्याच प्रयोगशाळेची आठवण झाली. बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली की, आतला पदार्थ बदलत नाही, पण तो वापरणाऱ्याचा निष्कर्ष बदलतो. म्हणून चिठ्ठी वाचण्याआधी पदार्थाची कसोटी घ्यायची असते. मूर्तीच्या बाबतीत या कसोट्या अशा. हातात काय आहे? वाहन कोणते? शेजारी कोण आहे? मूर्ती कोणत्या दिशेला आणि कोणत्या धर्माच्या वास्तूत आहे? काही लिहिले आहे का? यांतली एकच खूण जुळली, तर निष्कर्ष कच्चा समजावा.

वज्राचीही हीच गोष्ट. गांधार शिल्पातल्या वज्रपाणीच्या हातात ते जाडजूड दांडक्यासारखे आहे आणि काही ठिकाणी तो ग्रीक हेराक्लिससारखे सिंहाचे कातडे पांघरतो. नंतरच्या शिल्पांत मध्ये मूठ आणि दोन्ही टोकांना काटे, असा आकार रूढ झाला. वज्र कोणी पाहिले नव्हते. ज्याने त्याने आपल्या ओळखीचे हत्यार त्याच्या जागी ठेवले.

१८९४ मध्ये मुंबईत गिरगावला रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो मळवलीला, म्हणजे भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी हलला. तिथल्या रंगीत छापील चित्रांनी देवांना घरोघरी चेहरे दिले. एका डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीची ती ओसरी आणि खाली हा कारखाना! आज आपल्या मुलांच्या मनातले देव बहुतेक खालच्या बाजूचे आहेत.

मग खोडायचे काय?

आता त्या शिक्षिकेच्या प्रश्नाकडे वळू या. 'वीज इंद्राचे वज्र आहे' हे विजेबद्दलचे उत्तर म्हणून चूक आहे आणि ते स्पष्टपणे चूकच म्हणावे. बेंजामिन फ्रँकलिनच्या १७५२ च्या पतंगाच्या प्रयोगापासून ढगांतली वीज ही विद्युतप्रवाहच आहे, हे माहीत आहे. तिच्या मार्गातली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि एकदम प्रसरण पावते. तोच गडगडाट. इथे लाड करून चालणार नाही. ज्या मुलाला वीज देवाची मर्जी वाटते, ते झाडाखाली उभे राहताना बिचकणार नाही. आणि शेतात काम करणाऱ्या घरांतली मुले पावसात उघड्यावरच असतात.

गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंडा येथे कोरीव मूर्तींनी भरलेली देवळे आहेत. त्यांतल्या मुख्य देवळावर वीज पडून शिखराचा भाग कोसळल्याची नोंद आहे. देवदेवतांनी भरलेल्या देवळालाही वीज सोडत नाही, हे मुलांना तिथे नेऊन दाखवता येईल.

पण चित्र खोडू नये. ते विजेबद्दल काही सांगत नसले, तरी माणसांबद्दल खूप सांगते. कोणाला कशाची भीती होती, कोणत्या काळी कोणता देव मोठा होता, कोणता कारागीर कोणासाठी काम करत होता, हे सारे त्यात आहे.

आमची सूचना साधी आहे. आपल्या गावाजवळच्या जुन्या देवळात मुलांना न्यावे आणि वहीत दोन रकाने आखायला सांगावे. डावीकडे 'काय दिसते', उजवीकडे 'काय वाटते'. डावीकडचा रकाना भरेपर्यंत पुजारीबुवांना किंवा मोठ्यांना मूर्तीचे नाव विचारायचे नाही. परतताना आभाळ गडगडले, तर पक्क्या इमारतीत थांबून वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे. किती किलोमीटरवर वीज झाली ते कळते. तो आकडाही डाव्याच रकान्यात लिहायचा.