धोक्याची घंटा आणि तिचा सेल

कासूला येऊन धूर ओळखणाऱ्या यंत्रावर बोलायचं म्हणजे जरा विचित्रच. इथे चुलीचा धूर कुणाला नवा? पण 3 जून 2020 आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, विजेचे खांब आडवे झाले, जिल्ह्यातली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. घरोघरी मेणबत्त्या, कंदील, कुठे जनरेटर. आगीची नि विषारी वायूची भीती वाढली, आणि नेमकी तेव्हाच भिंतीतली वीज गेलेली. म्हणून या यंत्राचा इतिहास आम्हाला त्याच्या विजेपासून सांगावासा वाटतो. (आम्ही तत्त्वज्ञानाचे, वायरमन नव्हे, चुकलो तर सांगा.)

1930 च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं उपकरण करू पाहत होते. ते जमेना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला, असं सांगतात. किरणोत्सारी पदार्थामुळे हवेतून अगदी बारीक प्रवाह वाहतो. धुराचे कण शिरले की तो घटतो. पण तेवढ्यावरून घंटा वाजवायची सामग्री तेव्हा महाग होती, वीजही बरीच खायची. त्यामुळे ती कारखान्यांपुरती राहिली. 1960 च्या दशकात अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल यांनी सेलवर चालणारं घरगुती यंत्र केलं, तेव्हा कुठे ती घरात आली. पुढे वीज इतकी कमी लागू लागली की सेल वर्षभर पुरे.

आणि इथेच गोम आहे. वर्षभराने सेल बदलणार कोण? परदेशातल्या आपल्या मंडळींना विचारा. मिरचीची फोडणी पडली की घंटा बोंबलते. मग कुणीतरी खुर्चीवर चढून सेल काढतं, आणि तो परत बसवायचा राहूनच जातो.

आपल्याकडच्या गॅस गिझरलाही बहुधा दोन जाडे सेल लागतात, ठिणगीसाठी. ते संपले तर त्याच दिवशी दुकानातून येतात, कारण आंघोळ अडते. धोक्याच्या घंटेचा सेल संपला तर काहीच अडत नाही. घर शांत असतं, आणि ही शांतता सुखरूपतेची की मेलेल्या सेलची, हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच सेल उतरला की अधूनमधून ‘टिक्’ करायची सोय या यंत्रात घालावी लागली.

बंद न्हाणीघरात गिझर जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला ना रंग, ना वास. धुराची घंटा त्याला ओळखतही नाही. पूर्वी खाणीत त्यासाठी कॅनरी पक्षी नेत. ब्रिटनमध्ये ही पद्धत 1986 पर्यंत होती. पक्ष्याला सेल लागत नसे, पण त्याचा जीव जाई. आजच्या बऱ्याच सूचकांमध्ये तो वायूच रासायनिक क्रियेने किंचित वीज निर्माण करतो. तरी भोंगा वाजवायला सेल हवाच.

भिंतीतल्या विजेवर चालणारी यंत्रं आहेत, पण आत राखीव सेल नसेल तर निसर्गच्या रात्री ती मुकी. आता दहा वर्षं टिकणारा लिथियम सेल आत कायमचा बंद करून मिळतो. फोडणीच्या वेळी काढायची सोयच नाही! गप्प करायला बटण असतं, थोड्या वेळाने ते आपोआप जागं होतं.

आम्ही गिझर न्हाणीघराबाहेर काढला, आणि तरीही असं एक यंत्र लावलं. मागे तारीख लिहिली आहे. मुदत संपेल तेव्हा आम्ही ऐंशीच्या पुढे असू, म्हणून नातीलाही सांगून ठेवलंय.