बडोद्याच्या मराठी घरांतला डायबिटीस



आपल्या बडोद्यात कुणाला डायबिटीस निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "गुजरात्यांसारखा वरणात गूळ घालायला लागलो, मग दुसरं काय होणार!" दांडिया बाजारात, रावपुऱ्यात हे मी पन्नास वर्षं ऐकतोय. माझा धाकटा भाऊ चाळिशीत सापडला तेव्हाही तेच झालं. काटकुळा माणूस, पट्ट्याशिवाय पँट टिकायची नाही. तरी आत्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी त्याच्या बासुंदीच्या वाट्या मोजल्या. बिचारा शेवटपर्यंत लग्नकार्यात पानावर मान खाली घालून बसायचा. त्याच्यामुळे मी या विषयाचं वाचत गेलो. मी कॉमर्सचा, डॉक्टर नव्हे; पण मागची बाकी पुढे कशी ओढली जाते एवढं कळतं.

हा आजार काही आजचा नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार आहेत. एक सहज, म्हणजे आईबापांकडून आलेला. त्याचा रोगी कृश. दुसरा अपथ्याने झालेला; त्याचा रोगी स्थूल, खादाड, बसून-लोळून राहणारा. आजच्या टाइप 1 आणि टाइप 2 शी हे ओढूनताणून जुळवू नये. पण नुसतं बसून राहणंही रोगाला बोलावतं, हे तेव्हाच लिहून ठेवलंय!

पुढे 1889 साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, त्याला मधुमेह झाला, आणि रोगाचं ठिकाण समजलं. 1921 मध्ये टोरोंटोत इन्शुलिन हाती आलं. 1936 साली हिम्सवर्थने दाखवलं की काही रोग्यांचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही.

तरीही बारीक माणसाचं कोडं राहतंच. ते मला पुण्यात सुटलेलं दिसलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयाबाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. पुढे 2004 मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! वजनकाटा सांगत नाही ते हेच.

हे वाचलं आणि आई आठवली. रेशनचे दिवस, घरात नऊ माणसं. सगळ्यांची पानं उठली की ती बसायची, पातेल्यात उरेल ते खायची. भाऊ पोटात असतानाही तसंच. जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता, असं तीच आत्या सांगायची. पोटात असताना उपासमार झालेल्या शरीराला पुढे सुबत्ता झेपत नाही. हॉलंडमध्ये 1944-45 च्या दुष्काळात गर्भात असलेल्यांतही पुढे हाच कल दिसला.

आणि सुबत्ता तर आलीच. आम्ही दोघेही बँकेत. सुरुवातीला सायकलवर जायचं, दिवसभर जाडजूड लेजरं उचलायची, स्ट्राँग रूमचे जिने चढायचे. मग स्कूटर आली, मग कॉम्प्युटर, आणि खुर्ची सुटेना. त्यात दसऱ्याचा फाफडा-जिलबी आता दर रविवारचा झाला. जिलबी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. एकट्या जिलबीला फाशी नको, एवढंच. घराण्यात आजार, वाढतं वय, तंबाखू, अपुरी झोप, सगळ्यांचा त्यात हात असतो. आपल्या लोकांनी वजनापेक्षा कंबर मोजावी: पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर, बायकांची 80 च्या वर गेली की रक्त तपासायचंच. ज्या बाईला गरोदरपणात साखर वाढली होती, तिने नंतरही तपासत राहावं. तिला आणि तिच्या बाळाला, दोघांनाही पुढे धोका जास्त.

भावाच्या मुलीला यंदा दिवस गेलेत. साखरेची चाचणी पहिल्याच भेटीत करून घेतली, आता पुढची सहाव्या महिन्यात. घरात पहिलं पान तिचं वाढतात.